केसभर आत, केसभर बाहेर

माझ्या साडूंइतका अहिंसक माणूस अख्ख्या टेक्सासमध्ये दुसरा नसेल, आणि घरच्या घरी रायफलीची काडतुसं बनवण्यात त्यांचा हात धरणाराही ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडमध्ये कोणी नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल आहेत, हे पचायला मला काही वर्षं लागली. ते अंड्याचा केक खात नाहीत. झुरळ दिसलं तर कागदावर अलगद घेऊन बाहेर लॉनवर सोडून येतात, फक्त सोडताना त्याचं तोंड शेजाऱ्याच्या घराकडे करून ठेवतात. परसातले टोमॅटो रोज सकाळी खारी कुरतडतात. तेव्हा ज्या घरात तीन रायफली कुलपात आहेत, त्या घराचे मालक पायजम्यावर मागच्या दारात उभे राहून टाळ्या वाजवतात. खारींना त्याची सवय झाली आहे. मंडळाच्या कार्यक्रमात अध्यक्षांचं भाषण संपेपर्यंत आपण जसे थांबतो तशा त्या टाळ्या संपेपर्यंत थांबतात आणि मग पुन्हा जेवायला लागतात.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातं कोणी हौसेने जोडत नाही, ते लग्नाबरोबर घरात येतं आणि जन्मभर आपल्याशेजारी तुलनेला उभं राहतं. आपण लॉनला पाणी घातलं तर साडूंनी स्प्रिंकलर बसवलेला असतो. आपण स्प्रिंकलर बसवला तर साडूंनी तो स्वतः दुरुस्त केलेला असतो. पण माझ्या नशिबी आलेले साडू वेगळे निघाले. “भावोजी बघा घरी कशी काडतुसं करतात, नाहीतर तुम्ही!” असं माझी बायको कधीही म्हणू शकत नाही, आणि या एकाच गोष्टीसाठी मी त्या माणसाचा ऋणी आहे. तिचं ऐकून मीही त्यांना भावोजीच म्हणतो.

ते मूळचे नाशिकचे. व्यवसायाने इंजिनिअर, तेलाच्या पाइपांना गंज का लागतो हे शोधून काढणारे. त्यामुळे कुठल्याही नळीच्या आत डोकावून बघायची सवय जुनीच. एकदा ऑफिसातल्या कोणीतरी त्यांना गंमत म्हणून नेमबाजीच्या रेंजवर नेलं. पहिल्यांदा रायफल उडवल्यावर माणसं एकतर घाबरतात किंवा फुशारतात. यांनी कानातली बोंडं काढली, कागदावरच्या भोकाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “ही दीड इंच उजवीकडे का गेली?” बाकीच्यांना त्या दिवशी बंदूक आवडली, यांना शंका आवडली. महिन्याभरात गॅरेजमधल्या दोन्ही गाड्या बाहेर उन्हात आल्या आणि आत एक वर्कबेंच, एक लोखंडी दांड्याचा प्रेस, सोनाराकडे असतो तसा तराजू आणि दमट हवा शोषून घेणारं एक यंत्र आलं. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात गाडीचं स्टिअरिंग तव्यासारखं तापतं. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, ते पदराने धरून गाडी चालवते. बारूद मात्र गारव्यात सुखी असते.

त्यांनी मला जसं समजावलं तसंच सांगतो. काडतूस म्हणजे पितळेची बाटलीसारखी नळी. पोटात बारूद, बुडाला ठिणगी पाडणारी टिकली आणि तोंडात दाबून बसवलेली गोळी. बंदुकीच्या नळीत स्क्रूसारखे पिळाचे आटे असतात. चाप ओढला की गोळी आधी थोडी मोकळी जागा उडी मारून ओलांडते, मग आट्यांत शिरते आणि गिरक्या घेत बाहेर पडते. आता प्रश्न एवढाच, की ती गोळी पितळेच्या तोंडात किती खोल बसवायची. केसभर आत बसवली तर उडी लांबते, बारुदीची जागा आकसते, दाब बदलतो. केसभर बाहेर ठेवली तर गोळी आट्यांना टेकायला येते. या केसभराच्या फरकाने शंभर यार्डांवरच्या कागदावर पाच भोकं एका चिंचोक्यात मावतात, किंवा वाटण्या झालेल्या भावांसारखी लांब लांब राहतात. जगातले बहुतेक नेमबाज दुकानातून तयार काडतुसं आणतात आणि सुखात राहतात. भावोजी त्यांना ‘रेडीमेडवाले’ म्हणतात. मुंजीला बाजारचे लाडू आणणाऱ्या माणसाचा उल्लेख माझी आई याच सुरात करायची.

हे ज्ञान ते कोणापासूनही लपवून ठेवत नाहीत, हीच अडचण आहे. आमच्या घरी सत्यनारायण होता. भटजी आठवडाभर सॉफ्टवेअर लिहितात आणि शनिवार-रविवारी पूजा सांगतात, त्यामुळे त्यांना दोन्हीकडे घाई असते. ते हात-पाय धुवायला गेले तेवढ्यात भावोजींनी दोन पाहुण्यांना गाठून कलशापाशी नेलं. “हा तांब्या म्हणजे केस, काडतुसाची पितळी नळी. हा नारळ म्हणजे गोळी. आता बघा, आत्ता नारळ पानांवर टेकलाय. मी तो पाव इंच खाली दाबला तर आतल्या पाण्याचं काय होईल?” पाण्याचं काय होतं हे चौरंगावरच्या सर्वांनी पाहिलं, सुपारीच्या गणपतीनेसुद्धा. भटजी परत आले, ओल्या अक्षतांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, “काका, तुम्ही जरा लांब बसा.” भावोजी लांब बसले, पण जाता जाता पाहुण्यांना म्हणाले, “दाब! दाब वाढला. लक्षात आलं ना?”

शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, यांच्या खिशात कॅलिपर असतो. त्यांनी पोळीची जाडी मोजलेली आहे. एका वर्षी गणपतीत मंडळाने त्यांना मोदकांच्या समितीवर घेतलं होतं. सारण कळीपासून किती खाली असावं यावर त्यांनी इतके मोदक बाद ठरवले, की समितीच्या बायकांनी त्यांना पार्किंगच्या समितीवर बढती दिली. तिथेही ते रमले. त्या वर्षीच्या गाड्या इतक्या रेषेत लागल्या होत्या की आरती संपल्यावर एकही गाडी बाहेर काढता येईना.

दर दुसऱ्या शनिवारी ते पहाटे उठून दोन तास ड्राइव्ह करून रेंजवर जातात. तिथले म्हातारे टेक्सन त्यांना विचारतात, “काय मारता तुम्ही? हरीण? रानडुक्कर?” भावोजी म्हणतात, “कागद.” म्हाताऱ्यांना हा विनोद वाटतो. गोळी बसवायच्या एकेका खोलीची पाच-पाच काडतुसं करून ते उडवतात आणि कोणत्या खोलीला भोकं जवळ येतात ते बघतात. पहिल्या चार गोळ्या देवाने हाताला धरून नेल्यासारख्या एका जागी जातात. पाचवी जात नाही. पाचवीच्या न जाण्याची कारणं हा त्यांचा खरा ग्रंथ आहे. वारा फिरला. शेजारच्याने ट्रकचं दार आपटलं. ढग आला आणि सावली बदलली. एकदा तर म्हणाले, “ट्रिगर ओढायच्या क्षणी हिचा फोन आला, कोथिंबीर आणा म्हणून.” चूक आपल्या खांद्याची किंवा श्वासाची असेल ही शक्यता त्यांनी पूर्ण तपासून बाद केलेली आहे. इंटरनेटवर या लोकांचा एक कट्टा आहे. तिथे जगभरचे पुरुष, बायका झोपल्यावर, केसभराच्या फरकावरून एकमेकांचं शिक्षण काढतात. मी तो कट्टा एकदा वाचला. वेदान्ताच्या वादापेक्षा फरक इतकाच, की इथे प्रत्येकाकडे बंदूक आहे आणि तरीही कोणी कोणाला मारत नाही. त्या कट्ट्यावर भावोजींना मान आहे, कारण त्यांनी एक सिद्धान्त लावून धरलाय आणि तो ते अजून कोणालाही मोडू देत नाहीत. दोन बंदुका कारखान्यातून पाठोपाठ निघाल्या तरी त्यांचं माप एक नसतं. दुसऱ्याच्या बंदुकीची खोली आपल्या काडतुसाला लावणारा माणूस आणि दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालणारा माणूस त्यांच्या मते एकाच दर्जाचे.

हे सगळं असंच चाललं असतं. पण त्यांच्या मुलीचं, सईचं लग्न ठरलं.

सई इथेच जन्मली, इथेच वाढली. गुराढोरांची डॉक्टर आहे. अवघडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू बाहेर काढते आणि घरी येऊन मावशीच्या हातचा वरणभात मागते. असंच एक वासरू ओढताना दोराचं दुसरं टोक ज्याच्या हातात होतं, त्याच्याशी तिचं जमलं. मुलगा सॅन अँटोनिओच्या पलीकडच्या एका रँचवरचा. त्याचे वडील डेल, सहा फुटांच्या वर, टोपी धरली तर आणखी थोडे. मितभाषी. मुलाची आई त्यांच्या निम्मी, पांढऱ्या केसांची वेणी, सदानकदा कशाला तरी हात पुसत असलेली. ती डेलपेक्षाही कमी बोलायची.

दोन्ही घरांची पहिली भेट एका स्टेकच्या रेस्टॉरंटमध्ये झाली. भावोजी उकडलेल्या बटाट्याशी एकटेच लढत होते. डेलनी हवेबद्दल विचारलं, भावोजींनी हवेबद्दल सांगितलं. मग भावोजींनी पावसाबद्दल विचारलं, डेलनी पाऊस झाला नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर चमच्यांचा आवाज. सई दोघांच्या मध्ये बसली होती आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघून हसत होती. दोन अनोळखी कुत्र्यांच्या साखळ्या एकाच हातात धरलेल्या माणसाचं असतं तसलं ते हसू. दोघंही इंग्रजीच बोलत होते, तरी ती प्रत्येकाचं वाक्य दुसऱ्याला पुन्हा समजावून सांगत होती. “बाबा, ही मीन्स की...” “डेल, ही इज जस्ट बीइंग फॉर्मल...”

दुसऱ्या दिवशी भावोजींनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. प्रेसचा दांडा वर-खाली करत होते, पण आत काहीच नव्हतं.

“काल पाहिलंस ना?” ते म्हणाले.

“बटाटा चांगला होता.”

“थट्टा करू नकोस. अरे, पोरगी त्या घरात जाणार. थँक्सगिव्हिंगला, नातवंडांच्या वाढदिवसाला आम्ही तिथे जाऊन बसणार. बोलणार काय? हवा दोन मिनिटांत संपते. मग ती बिचारी जन्मभर आमच्या मध्ये बसून असंच हसणार. मला तिचं ते हसू नाही आवडलं.”

तसं हसू मलाही आवडलं नव्हतं.

“पण एक गोष्ट आहे,” ते म्हणाले, आणि दांडा थांबला. “त्यांच्या घरी बंदुका आहेत.”

बेत असा होता. सीमांतपूजनाला व्याह्यांचा मान करायचा असतो. नारळ, शेला, टोपी हे सगळे देतात. भावोजी त्याबरोबर डेलना त्यांच्या बंदुकीच्या मापाने स्वतः बसवलेली काडतुसं देणार. “कपडा देतो आपण, तोसुद्धा माप घेऊन शिवतो. हे तर त्याहून जवळचं. ज्याला कळतं त्याला ते उघडल्या उघडल्या कळेल, की या माणसाने आपल्यासाठी किती विचार केलाय. त्यानंतर आम्हाला बोलायला वर्षं पुरणार नाहीत.” पण मान हा मान. त्याचं माप मागून घ्यायचं नसतं. आणि माप तर हवंच, कारण सिद्धान्त तसा होता. ते घ्यायचं म्हणजे नळीत गज घालून आटे कुठे सुरू होतात ते मोजायचं.

सईला विचारून पाहिलं. ती फोनवर म्हणाली, “बाबा, नो. मी माझ्या फादर-इन-लॉच्या गनमध्ये रॉड नाही घालणार. काका, प्लीज तुम्ही त्यांना सांगा ना!” मी सांगितलं. त्याचा परिणाम असा झाला, की पुढच्या रविवारी भावोजींबरोबर मीही रँचवर होतो. जावई मुलगा सामील झाला होता, त्याला यात मजा वाटत होती. माझं काम एकच, डेलना व्हरांड्यात बोलण्यात गुंतवायचं. “गाईंबद्दल विचार,” भावोजी कुजबुजले आणि सदऱ्यात एक बारीक गज लपवून बाथरूमला म्हणून आत गेले.

गाईंबद्दलचं माझं ज्ञान पेढ्यापासून मागे मागे जातं आणि दुधाच्या पिशवीपाशी थांबतं. मी विचारलं, गाई किती वाजता उठतात? डेलनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, गाईंना एकमेकींचा राग येतो का? डेल बराच वेळ लांब कुंपणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “एकीला येतो.” आणि ती गाय कोणती, कशी वागते, हे त्यांनी इतक्या हळूहळू आणि इतक्या नीट सांगितलं की मी माझं काम विसरून ऐकत बसलो. विहीणबाई मधेच बर्फाचा चहा ठेवून आत गेल्या.

भावोजी परतले ते लग्न आपलंच असल्यासारखे. गाडीत बसल्याबरोबर सुरू झाले. “मी मुलाला विचारलं, घरातली मुख्य बंदूक कोणती? सगळ्यात जास्त चालते ती? त्याने कडेची काढून दिली. आत काही नाही ना, बघून घेतलं, गज घातला. काय सांगू तुला! आट्यांची सुरुवातच झिजून पुढे सरकली आहे. असं हजारो गोळ्या मारल्याशिवाय होत नाही. गंजावर आयुष्य काढलंय मी, झीज मला कळते. माणूस बोलत नाही, पण कसलेला आहे रे! त्याच्या मापाला गोळी चांगली बाहेर ठेवावी लागणार.” शुगर लँड येईपर्यंत त्यांच्या तोंडी डेलसाहेबांचे डेलराव झाले होते.

त्यानंतर महिनाभर गॅरेजचं दार बंद. ताई लग्नाच्या खरेदीत बुडालेली, तिची वेगळीच काळजी. “विहीणबाईंना पैठणी द्यायची तर त्या नेसणार कधी? गाईंना चारा घालताना? आणि काहीच मनाजोगं दिलं नाही तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. व्याह्यांचं काय, ते चालवून घेतात. विहिणीचा मान राहिला की राहिलाच!” मी म्हणालो, “अगं ताई, त्यांना यातलं काही माहीतही नाही.” ती म्हणाली, “माहीत नसलं तरी राग येतो.” शेवटी पैठणी घेतलीच.

सीमांतपूजन भावोजींच्या परसातच झालं. तबकात नारळ, शेला, पुणेरी पगडी आणि एक शिसवी पेटी. पूजा सांगायला आमच्या सत्यनारायणाचेच भटजी. त्यांनी पेटीचं झाकण जरा वर करून पाहिलं, आत रांगेने उभी असलेली पितळी काडतुसं पाहिली, आणि हळूच विचारलं, “काका, हे मंत्रात कुठे घेऊ?” भावोजी म्हणाले, “वस्त्रांनंतर.” भटजींनी वस्त्रांनंतर घेतलं, हळदकुंकू वाहिलं आणि एक पाऊल मागे सरकले. पगडी घातलेल्या डेलनी पेटी उघडून एक काडतूस बोटांत फिरवलं, “वेल,” म्हणाले आणि पेटी काखेत धरून जेवायला गेले. त्या एका ‘वेल’वर भावोजी पुढचे दोन दिवस जगले. कन्यादानात, सप्तपदीत, निरोपाच्या वेळीसुद्धा ते जरा आनंदीच दिसत होते. ताई आणि माझी बायको एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि हे जावयाला विचारत होते, “सोमवारी वारा कसा असेल तिकडे?”

सोमवारी आम्ही सगळे रँचवर. घरामागच्या टेकडीच्या पायथ्याशी कागद लावला होता. भावोजींनी नवा शर्ट घातला होता. सई ट्रकच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसली होती, हातातला चुडा अजून काढलेला नव्हता, आणि चेहऱ्यावर तेच जुनं, दोन साखळ्यांचं हसू. डेलनी आपली बंदूक आणली. मला त्यातलं काही कळत नाही, पण ती इतकी चकचकीत होती की मलासुद्धा शंका आली. भावोजींच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र पाहता पाहता उतरला.

“ही... ही नाही,” ते मराठीत म्हणाले.

डेलनी काडतूस घातलं. ते नळीत ढकलणारा बोल्ट पुढे लोटला. अर्ध्यावर अडला. त्यांनी जरा जोर लावला. “थांबा!” भावोजी ओरडले, पण तोपर्यंत डेलनी बोल्ट मागे ओढला होता. पितळी केस एकटीच बाहेर आली. गोळी आत आट्यांत रुतून बसली, आणि सगळी बारूद, महिनाभर दाणा दाणा तोलून भरलेली, डेलच्या नव्या बुटांवर सांडली.

डेल बुटांकडे बघत होते. सईने डोळे मिटून घेतले. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सासऱ्याची बंदूक वडिलांनी बंद पाडली, हे कोणत्या भाषेत कोणाला समजावून सांगायचं हे तिला सुचत नसावं. भावोजी थिजल्यासारखे उभे होते. काडतूस आट्यांना जाऊन टेकलं, म्हणजे माप दुसऱ्या बंदुकीचं. म्हणजे ज्या अपराधाबद्दल ते इंटरनेटवर लोकांची अब्रू काढत, तोच त्यांनी सगळ्या जगात याच घरी केला होता.

तेवढ्यात विहीणबाई हात पुसत घराकडे गेल्या आणि एक जुनी, कडांचा रंग उडालेली रायफल घेऊन आल्या. न बोलता पेटीतली पाच काडतुसं उचलली, बाकावर बसल्या आणि भाजी निवडावी तशी सहज एकामागून एक उडवली. जावई धावत जाऊन कागद घेऊन आला. भोक एकच होतं. कडेने जरा कुरतडल्यासारखं, पण एकच.

“हीच ती बंदूक,” भावोजी पुटपुटले.

विहीणबाईंनी कागद निरखून पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं. मी त्यांना इतकं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. “त्या रविवारी मी स्वयंपाकघरातून बघत होते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही माझ्या बंदुकीत गज घालून काहीतरी मोजत होतात. मला वाटलं, तुमच्याकडे सोयरीक करायच्या आधी मुलाकडच्यांच्या बंदुका तपासायची पद्धत असेल. म्हणून काही बोलले नाही.” मग काडतुसांच्या पेटीवर हात ठेवून, “ही माझ्यासाठी केलीत?”

आता फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. सगळं आयतं जुळून आलं होतं. ताईने मागून त्यांच्या पाठीला बोट टोचलं. मीसुद्धा मनातल्या मनात हो म्हणून टाकलं. पण हा माणूस इंचाच्या हजाराव्या भागाशीही कधी खोटं बोललेला नाही.

“नाही,” भावोजी म्हणाले. “डेलसाठी केली होती. इतकी चाललेली बंदूक... मला वाटलं, घरच्या पुरुषाचीच असणार.”

पहिल्यांदा डेल हसले. ते हसू पोटातून वर यायलाच वेळ लागला, त्यांच्या बोलण्यासारखा. “माझी?” ते म्हणाले. “माझी फोटोत धरायला आहे.” विहीणबाईंनी रिकाम्या केसा गोळा करून पेटीत परत ठेवल्या आणि झाकण लावून पेटी आपल्याकडे ओढून घेतली. “मग ही चूक दुरुस्त करू नका,” त्या म्हणाल्या. ताई माझ्या कानाशी म्हणाली, “पैठणी उगाच घेतली रे!” आणि सई ट्रकच्या फळीवरून घसरून खाली गवतात बसली, पोट धरून, तिला श्वास घेता येईना. डेल तिच्या शेजारी उकिडवे बसले आणि बुटांतली बारूद झटकत झटकत तेही पुन्हा सुरू झाले. त्यानंतर दुपारभर भावोजी आणि विहीणबाई बाकावर बसून ती रुतलेली गोळी नळीच्या तोंडातून गज घालून बाहेर काढत होते. काय बोलत होते देव जाणे, पण ताईने जेवायला दोनदा हाका मारल्या तरी दोघंही उठले नाहीत.

परतताना गाडी मी चालवत होतो. ताई आणि बायको मागे झोपल्या होत्या. एरवी भावोजी रेंजवरून येताना प्रत्येक गोळीचं चरित्र सांगतात. त्या दिवशी अर्धा रस्ता गेला तरी गप्प. ऊन कलायला लागलं होतं.

“हसत होती ना रे?” ते एकदम म्हणाले.

“विहीणबाई? त्या कुठे हसल्या, त्या तर...”

“सई.”

“हो,” मी म्हणालो. “पार गवतात बसून.”

“परवा तिला निरोप देताना सगळे रडले,” ते म्हणाले. “मी रडलो नाही, तुझ्या लक्षात आलं? माझ्या डोक्यात त्या काडतुसांचंच चाललं होतं. वारा कसा असेल, बसतील ना नीट. रडायचं राहूनच गेलं.”

“मग आता?” मी विचारलं.

“आता काय, आता ती हसतेय तिकडे,” भावोजी म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून बसले.